शहराचा नकाशा आणि मंत्रालयाची लेखणी

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या काळांत रूढ झाली, त्या काळीं घर बांधणाऱ्याची अडचण पैशाची, चुन्याविटांची आणि गवंड्याच्या मर्जीची होती. आज मुंबईंत, पुण्यांत किंवा ठाण्यांत घर बांधणाऱ्यापुढें, किंबहुना घर विकत घेण्याचें केवळ मनांत आणणाऱ्यापुढेंही, या तिन्ही अडचणींहून मोठी अशी चौथी अडचण उभी असते. आणि ती म्हणजे कायद्याची. कोणत्या भूखंडावर काय बांधावें, किती मजले चढवावे, कोठें बाग राखावी आणि कोठून रस्ता काढावा, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहतां वकील व अभियंते यांच्या कामाचा दिसतो. वस्तुतः तो आमच्या प्रत्येक वाचकाच्या उंबरठ्यापाशीं येऊन ठेपलेला आहे. मुलास नोकरी लागली त्या शहरांत त्यास राहतां येईल कीं नाहीं, घरीं काम करणारी बाई पहाटे कोणत्या उपनगराहून निघून येते, खेळावयास मैदान उरेल कीं त्यावर मनोरा उभा राहील, हें सारें त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

या प्रश्नाचें एक उत्तर अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकींत फार आत्मविश्वासानें दिलें जातें. तें असें कीं, नगरपालिका म्हणजे भ्रष्टाचाराचें आगर. नगरसेवकास आपल्या प्रभागापलीकडचें कांहीं दिसत नाहीं. घरांची टंचाई हा साऱ्या राज्याचा प्रश्न आहे. सबब राज्यसरकारनेंच कायदा करून सर्व सूत्रें आपल्या हातीं घ्यावीं आणि स्थानिक संस्थांनीं मुकाट्यानें अंमलबजावणी करावी. हें मत बाळगणारे बहुतेक गृहस्थ सद्हेतूचे आहेत, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु हें मत चुकीचें आहे, महाराष्ट्राच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवाच्या विरुद्ध आहे, आणि ज्या गरजू लोकांच्या नांवें तें मांडलें जातें त्यांनाच तें अखेरीस घातक ठरतें, असें आमचें म्हणणें आहे. तें सिद्ध करण्याचा आम्ही येथें यत्न करणार आहों.

प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्या सर्वांत भक्कम स्वरूपांत मांडून मगच त्यास उत्तर द्यावें, हा वादाचा प्रामाणिक नियम होय. तेव्हां आमच्या मित्रांच्या बाजूनें सर्वांत बळकट असा दाखला आम्हीच पुढें ठेवतों. तो अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याचा. तेथें जमिनीच्या वापराचे नियम करण्याचा अधिकार पूर्वापार नगरांकडे आहे. बर्कली शहरानें १९१६ सालीं कांहीं भाग केवळ एककुटुंबी घरांसाठीं राखून ठेवण्याचा नियम केला. तोच कित्ता पुढें असंख्य नगरांनीं गिरविला. एका भूखंडावर एकच कुटुंब राहील, चाळ नको, भाड्याच्या खोल्या नकोत, असें ठरलें म्हणजे ज्यास बंगला घेण्याची ऐपत नाहीं त्यास गांवांत पाय ठेवतां येत नाहीं. आणि ‘तूं येऊं नकोस’ असें तोंडानें म्हणावेंही लागत नाहीं. प्रत्येक नगरानें आपल्या वांट्याच्या घरांची तरतूद आपल्या आराखड्यांत करावी, असा कायदा त्या राज्यानें १९६९ मध्यें केला; नगरांनीं कागदावर तरतूद केली आणि प्रत्यक्षांत चालढकल केली. अखेर राज्यानें पाश आवळले. जें नगर आपल्या वांट्यास मागें पडेल त्यास नियमांत बसणारी घरांची योजना मनमानीनें नाकारतां येणार नाहीं, असा कायदा २०१७ मध्यें झाला. एका घराच्या जागीं दोन घरें बांधण्याची व भूखंडाची विभागणी करण्याची मुभा २०२१ च्या कायद्यानें दिली. मोठ्या आगगाडी व बस स्थानकांच्या परिसरांत अधिक उंच इमारतींस वाव देणारा कायदा २०२५ मध्यें संमत झाला.

या कायद्यांतून निसटण्यासाठीं तेथील धनिक नगरांनीं ज्या युक्त्या केल्या त्यांपैकीं एक ऐकण्यासारखी आहे. वुडसाइड नांवाच्या एका श्रीमंत गांवानें २०२२ सालीं असें जाहीर केलें कीं, आमचें सबंध गांव हें पर्वतसिंहाचें वसतिस्थान आहे. सबब येथें दुसरें घर बांधूं देतां येत नाहीं. पहिलें घर बांधतांना ज्या सिंहाची आठवण झाली नाहीं ती दुसऱ्या घराच्या वेळीं व्हावी, हें त्या सिंहाचें दुर्दैवच म्हणावयाचें! राज्याच्या महाधिवक्त्यानें तंबी देतांच थोड्याच दिवसांत तो निर्णय मागें घेण्यांत आला. स्थानिक स्वातंत्र्याच्या नांवाखालीं असा आप्पलपोटेपणा चालतो, आणि तो मोडून काढण्यास राज्याचें बळ लागतें, हें आम्ही निःशंकपणें मान्य करतों.

परंतु या दाखल्यांतून आमचे मित्र जो बोध घेतात तो त्यांतून निघत नाहीं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें काय केलें हें नीट पाहावें. त्यानें नगरांवर एक कर्तव्य लादलें. अमुक इतक्या घरांस वाव द्या, गरिबांचीं इतकीं, मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांचीं इतकीं. तीं कोठें व कशीं बसवावयाचीं हें प्रथम तुम्हींच आपल्या आराखड्यांत सांगा. टाळाटाळ केलीत तर मात्र आम्ही मध्यें पडूं. हा कायदा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत उघड चर्चा होऊन झाला. आमच्याकडे जें चालतें तें नेमकें याच्या उलट. आमचें सरकार नगरांवर घरांचें कर्तव्य लादत नाहीं. तें नगरांच्या हातांतील लेखणी काढून घेतें. किती घरें हवींत, कोणासाठीं हवींत, याचा हिशेब आमच्या नगररचनेच्या कायद्यांत कोणावरही बंधनकारक नाहीं. मात्र नकाशावरील कोणती रेघ कोणत्या दिवशीं पुसावी, याचा अधिकार मंत्रालयाकडे आहे. एकाचें नांव कर्तव्याचें राज्य, दुसऱ्याचें नांव लेखणीचें राज्य. दोहोंस ‘राज्याचा हस्तक्षेप’ या एकाच पिशवींत घालणें म्हणजे वैद्याचें शस्त्र आणि दरोडेखोराचें शस्त्र दोन्ही लोखंडाचींच, म्हणून दोन्ही सारखींच, असें म्हणण्यासारखें आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याअन्वयें विकास आराखडा तयार करण्याचें काम नगराचें. तो प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविण्याचें काम नगराचें. परंतु अखेरची मंजुरी सरकारची, आणि ती देतांना फेरफार करण्याचा अधिकारही सरकारचाच. आराखडा मंजूर झाल्यावर त्यांत बदल करण्याचा हुकूम सरकार देऊं शकतें. नियमांची अंमलबजावणी कशी करावी याविषयीं निदेश सरकार देऊं शकतें. एवढ्यानेंही भागलें नाहीं, तर शहराचा एखादा तुकडा कापून त्यावर ‘विशेष नियोजन प्राधिकरण’ बसवूं शकतें. मग त्या तुकड्यापुरता पालिकेचा शब्द संपला. मुंबईच्या नकाशावर वांद्रे-कुर्ला संकुलाचा मालक निराळा, झोपडपट्ट्यांचा निराळा, धारावीचा निराळा. या सर्व भागांस पाणी मात्र पालिकेनें पुरवावें, मैला तिनें वाहावा आणि पावसाळ्यांत तुंबलेल्या गटारांविषयीं शिव्याही तिनेंच खाव्या! नगरविकास खातें बहुधा मुख्यमंत्र्यांनीं स्वतःकडे ठेवावें किंवा त्यांच्या खालोखालच्या वजनदार मंत्र्यास द्यावें, ही आमच्याकडची वहिवाट उगीच पडलेली नाहीं.

कोणी म्हणेल, ही सत्ता सरकारकडे आहे खरी. पण तिच्यामुळें घरें तर मिळालीं असतील? तेव्हां इतिहासाकडे वळूं. प्लेगची सांथ १८९६ मध्यें मुंबईंत शिरली. नगराच्या हातून शहर सुधारणार नाहीं असें ठरवून सरकारनें १८९८ सालीं पालिकेबाहेर स्वतंत्र असा सुधारणा ट्रस्ट स्थापन केला. त्या ट्रस्टनें कांहीं चांगलीं कामें केलीं. दादर-माटुंग्याच्या ज्या वसाहतींत आमच्या वर्गाच्या दोन-तीन पिढ्या सुखानें नांदल्या, त्या त्याच्याच योजनांतील. परंतु जुन्या शहरांत हवा खेळविण्यासाठीं त्यानें ज्या दाट वस्त्या पाडल्या, त्यांतून उठलेल्या गरिबांपैकीं फार थोड्यांस त्यानें घर दिलें. बाकीचे शेजारच्या गल्लींत जाऊन पूर्वींहूनही दाटीनें राहूं लागले. अखेर १९३३ सालीं हा ट्रस्ट पालिकेंतच विलीन करावा लागला.

त्याच्या मागोमाग १९२० मध्यें गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं विकास खातें काढलें. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प झाला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी आणि सुमारें साडेसोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. खोली एकशेंसाठ चौरस फुटांची. कामगाराची नड काय आहे हें कामगारास विचारण्याची पद्धत त्या खात्यास नव्हती. त्यामुळें घरांची एवढी टंचाई असतांनाही प्रारंभीं कित्येक खोल्यांस भाडेकरू मिळेनात. त्याच खात्याच्या बॅकबेच्या भरावांतील उधळपट्टी वीर नरिमन यांनीं चव्हाट्यावर आणली, हें जुन्या मुंबईकरांच्या वंशजांस सांगावयास नको. तात्पर्य, वरून योजना लादण्याचा प्रयोग मुंबईवर आज प्रथमच होत नाहीं. त्यानें टंचाई मिटावयाची असती, तर ती १९३० च्या आधींच मिटली असती.

स्वराज्यांत कांहीं निराळें घडलें काय? गिरण्यांच्या जमिनींचें उदाहरण घ्यावें. गिरणगांवांत अठ्ठावन गिरण्या आणि त्यांची सुमारें सहाशें एकर जमीन. १९८२ च्या संपानंतर एकेक भोंगा बंद पडूं लागला. १९९१ च्या नियमावलींत असें ठरलें कीं, मालकानें ही जमीन विकासास काढल्यास एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठीं, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठीं आणि उरलेली तृतीयांश मालकास. सबंध शतकांत मुंबईच्या मध्यभागीं एवढी जमीन गरिबांच्या घरांसाठीं व मुलांच्या खेळासाठीं हातीं येण्याची संधि पुन्हा आली नसती. सरकारनें २००१ सालीं त्या नियमांत दुरुस्ती केली. दुरुस्ती थोडक्या शब्दांची. परंतु तिचा अर्थ असा झाला कीं, वांटणी सबंध जमिनीची व्हावयाची नसून तिच्यांतील बांधकामाविना मोकळ्या असलेल्या भागाचीच व्हावयाची. गिरणीची जमीन म्हणजे बहुतेक इमारतींनींच व्यापलेली. तेव्हां नगराच्या व घरांच्या वांट्यास काय उरलें तें सांगावयास गणितज्ञ नको. नागरिक न्यायालयांत गेले. उच्च न्यायालयानें २००५ सालीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं तो फिरविला. सर्वोच्च न्यायालयानें दुरुस्ती कायदेशीर ठरविली, हें आम्ही शिरसावंद्य मानतों. ती शहाणपणाची होती कीं नाहीं हा प्रश्न न्यायालयाचा नव्हताच. तो नगराचा होता, आणि नगरास तो कोणीं विचारला नाहीं. आज परळ-लोअर परळच्या पुलावर उभें राहून चोहोंकडे पाहणाऱ्यास त्या थोडक्या शब्दांचें मोल डोळ्यांनीं दिसतें.

झोपडपट्टी पुनर्वसनाची कथा याहून करुण आहे. चाळीस लाख लोकांस मोफत घरें देण्याचें आश्वासन १९९५ मध्यें दिलें गेलें, आणि त्यासाठीं पालिकेपासून अलग असें प्राधिकरण निर्माण झालें. तीस वर्षें उलटलीं. संकल्पाच्या निम्म्यापर्यंतही मजल गेलेली नाहीं. २०११ च्या जनगणनेंत मुंबईचीं सुमारें चाळीस टक्के माणसें झोपड्यांतच मोजलीं गेलीं. असें कां व्हावें? कारण या योजनेचें इंजिन बांधकाम-व्यावसायिकाचा नफा हें आहे. झोपडीवाल्यास फुकट घर द्यावयाचें, त्याचा खर्च वर विक्रीच्या सदनिकांतून काढावयाचा. म्हणजे जेथें जमीन महाग तेथें योजना धांवते, आणि जेथें जमीन स्वस्त परंतु माणसें अधिक हालांत, तेथें ती जागची हलत नाहीं. राज्याच्या एका साच्यांत सर्व वस्त्या ओतल्या म्हणजे असेंच होणार. मानखुर्दची वस्ती आणि वरळीची वस्ती यांचें औषध एक असूं शकत नाहीं, हें तेथील प्रभागांतील मनुष्यास कळतें; मंत्रालयांतील टिपणींत त्यास जागा नसते.

येथें आमचे मित्र आपलें ठेवणींतील शस्त्र काढतील: ‘नगरसेवक काय धुतल्या तांदळासारखे आहेत?’ नाहींत, आणि ते तसे आहेत असें आम्हीं कोठेंही म्हटलेलें नाहीं. परंतु सत्ता प्रभागांतून उचलून मंत्रालयांत नेली म्हणजे तिला लागलेली कीड तेथें जाऊन मरते, असा समज कशावरून? आमच्या मतें ती अधिक पुष्ट होते. प्रभागाच्या दारांत जो व्यवहार चार लोकांच्या दृष्टीस पडतो, तोच मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीं. नगरसेवकास त्याच गल्लींत राहावयाचें असतें; त्यास पांच वर्षांनीं त्याच लोकांसमोर हात जोडावे लागतात. ज्या मंत्र्याच्या सहीनें परळचा नकाशा बदलतो, त्याचे मतदार परळचे असतीलच असें नाहीं. आडांत घाण आहे म्हणून आड साफ करावा हें समजूं शकतें; आड बुजवून दहा कोसांवरच्या तळ्याचें पाणी, तेंही न पाहतां, प्यावें हें शहाणपण कोणतें?

स्थानिक ज्ञान म्हणजे काय वस्तु आहे, याचा एक दाखला मुंबईनेंच २०१५ सालीं दिला. पालिकेनें त्या वर्षीं नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला, आणि त्यांत उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, जुन्या वारसा-वास्तूंच्या नोंदी चुकलेल्या, असे ढळढळीत दोष निघाले. ते कोणी शोधले? गल्लोगल्लीच्या रहिवाशांनीं, शिक्षकांनीं, निवृत्त अभियंत्यांनीं, नागरिक-मंडळांनीं. हजारों हरकती आल्या. मुख्यमंत्र्यांनीं तो मसुदा मागें घेऊन दुरुस्त करावयास सांगितलें; दुरुस्तीचें काम मात्र पालिकेकडेच राहिलें, आणि सुधारलेला आराखडा पुन्हा लोकांपुढें व सभागृहापुढें जाऊन २०१८ मध्यें मंजूर झाला. त्याच वर्षीं पुण्यांत काय झालें तें याच्याशीं ताडून पाहावें. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा सरकारनें २०१५ सालीं पालिकेच्या हातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्य समितीकडे दिला. २०१७ च्या प्रारंभीं तो मंजूर झाला. पुण्याच्या पालिकेनें वेळ दवडला होता व घोळ घातला होता, हें खरें. पण घोळ घालणाऱ्या विद्यार्थ्यास उत्तरपत्रिका परत लिहावयास लावणें ही एक गोष्ट, आणि परीक्षकानेंच ती लिहून काढणें ही दुसरी. पहिलीनें विद्यार्थी शिकतो. दुसरीनें केवळ निकाल लागतो. त्यानंतर डिसेंबर २०२० मध्यें मुंबई व कांहीं अपवाद वगळून साऱ्या महाराष्ट्रास एकच बांधकाम-नियमावली लागू झाली. सोलापूरचा उन्हाळा, कोल्हापूरचा पूर आणि पुण्याच्या टेकड्या यांना एकाच पुस्तकांत कोंबण्यांत सोय पुष्कळ आहे. ती सोय कोणाची, एवढाच काय तो प्रश्न.

लॉर्ड रिपन यांनीं १८८२ सालीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तेव्हां कारभार सुधारण्यापेक्षां लोकांचें राजकीय शिक्षण व्हावें, हा त्याचा मुख्य हेतु म्हणून सांगितला होता. सर फिरोजशहा मेहता मुंबईच्या पालिकेंत झुंजले, नामदार गोखले यांनीं पुणें नगरपालिकेचें अध्यक्षपद भूषविलें, ते याच शिक्षणाचें मोल जाणून. परकी सरकारनें जें तत्त्व निदान कागदावर मान्य केलें, तें स्वकीय सरकारास पचूं नये, हें आश्चर्य होय. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांस संविधानांत स्थान दिलें. १ जून १९९३ पासून ती अंमलांत आली. तिच्यासोबत जोडलेल्या बाराव्या अनुसूचींत अठरा विषय आहेत, आणि त्यांतील पहिला नगररचनेचा, तर दुसरा जमिनीच्या वापराचा व इमारतींच्या बांधकामाचा. परंतु हे विषय नगरांकडे सोंपवावेत कीं नाहीं, हें त्या दुरुस्तीनें विधिमंडळांच्या मर्जीवर ठेवलें. त्या एका ‘मर्जी’च्या फटींतून सारा अधिकार मंत्रालयांतच राहिला.

जें थोडें उरलें होतें त्याचीही कशी वाट लागली पाहा. पालिकेची मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक झाली पाहिजे, असें संविधान म्हणतें. मुंबई व पुणें येथील सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादांत दिवस गेले, महिने गेले, वर्षें गेलीं. मतदान झालें तें जानेवारी २०२६ मध्यें. तोंवर सारा कारभार सरकारनें नेमलेल्या प्रशासकाकडे. मुंबईचें २०२५-२६ चें अंदाजपत्रक ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचें; तें एका अधिकाऱ्यानें दुसऱ्या अधिकाऱ्यापुढें मांडलें आणि संमत झालें. सव्वा कोट माणसांच्या शहरांत त्यावर ‘नाहीं’ म्हणणारा एकही लोकनियुक्त आवाज त्या सभागृहांत नव्हता. या स्थितीविषयीं आमच्या वर्गानें किती खेद दाखविला? खरें सांगावयाचें तर, ‘बरें झालें, नगरसेवकांची कटकट गेली’ असेंच उद्गार आमच्या कानीं पडले.

आतां आमच्या वर्गास दोन शब्द सुनावल्यावांचून हा लेख पुरा करणें अप्रामाणिकपणाचें होईल. स्थानिक अधिकाराचा पुरस्कार आम्ही करतों तो सोसायटीच्या फाटकावरील पहारेकऱ्याच्या अधिकाराचा नव्हे. पुनर्वसनाची इमारत आमच्या गल्लींत नको, भाजीवाल्यांस जागा आमच्या चौकांत नको, वसतिगृह आमच्या शेजारीं नको. मात्र कामवाली, रिक्षावाला आणि भाजी हीं तिन्ही वेळेवर दारांत हवींत, ही वृत्ति वुडसाइडच्या सिंहांइतकीच खोटी आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी येथें जाऊन पडत होता, तेव्हां त्या गांवांच्या आक्रोशाकडे आम्ही पुणेकरांनीं किती लक्ष दिलें? तेव्हां नगर चुकतें हें मान्य. तें कोठें चुकतें हेंही स्पष्ट आहे. ज्यांना नगराच्या निर्णयाची झळ लागते, पण ज्यांना त्या नगरांत मत नाहीं, त्यांच्या बाबतींत नगर चुकतें. जो अजून शहरांत आलेला नाहीं, ज्यास येथें घर मिळालें तर तो येईल, त्याचा विचार करणारा कोणी पालिकेच्या सभागृहांत बसत नाहीं. त्याचा वाली राज्य. उलट, जो येथें राहतो, ज्यास कोणत्या नाल्याचें पाणी कोठें चढतें हें ठाऊक आहे, त्याचें ज्ञान मंत्रालयांत पोंचत नाहीं. त्याचा वाली नगर.

या एका भेदांतून अधिकारांची वांटणी आपोआप निघते. किती घरें, कोणत्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं, किती वर्षांत, हें विधिमंडळानें उघड कायद्यानें ठरवावें, प्रत्येक महानगर-प्रदेशांतील नगरांस त्याची वांटणी करून द्यावी, आणि तो हिशेब दरसाल छापावा. तीं घरें कोठें, किती उंच, कोणत्या रस्त्यावर, कोणतें मैदान वगळून, हें नगरानें ठरवावें. नगरानें मुदतींत ठरविलें नाहीं तर सरकारनें मध्यें पडावें; पण सरकारनें केलेला आराखडाही अखेर लोकनियुक्त सभागृहापुढें मतास यावा. मंजूर आराखड्यांतील एकही आरक्षण केवळ अधिसूचनेनें उठूं नये. बदल कोणीं मागितला, कां मागितला, हें नोंदवून त्यावर सभागृहांत नांवनिशीवार मतदान व्हावें. जें प्राधिकरण इमारतीस परवानगी देईल त्यानें पाण्याचा व रस्त्याचा हिशेब नगरास आधीं द्यावा. आणि लोकनियुक्त सभागृह अस्तित्वांत नसेल त्या काळांत आराखड्यास कोणींही हात लावूं नये.

यांत क्रांतिकारक असें कांहीं नाहीं. सरकारनें कर्तव्य सांगावें आणि नगरानें तें पार पाडावें, एवढेंच यांत आहे. आज सरकार कर्तव्य सांगत नाहीं आणि नगरास पार पाडूं देत नाहीं. या दोहोंच्या मध्यें उभा असलेला गरजू मनुष्य मात्र विरार, बदलापूर, पनवेल करीत दर वर्षीं एक स्थानक मागें सरकत चालला आहे. जानेवारी २०२६ मध्यें आमच्या शहरांस सभागृहें पुन्हा मिळालीं. त्या सभागृहांत आपल्या प्रभागाचा प्रतिनिधि कोण आहे, त्याचें नांव तरी वाचकांनीं ठाऊक करून घ्यावें. आणि नकाशांतील पुढची रेघ पुसण्याची अधिसूचना निघेल, तेव्हां हरकत नोंदविण्याच्या मुदतींत त्यास जाऊन विचारावें कीं, ‘हें तुम्हांस विचारून केलें काय?’ असा प्रश्न विचारणारे शेंपन्नास लोक प्रत्येक प्रभागांत निघाले, तर मंत्रालयाची लेखणी आपोआप जपून चालूं लागेल.